तलाव शेवटी पाहावा

आंबोलीच्या माणसाला बाजार म्हटला की सावंतवाडी. घाट उतरायचा, दाणोली आणि माडखोल मागे टाकायचे, तीसेक किलोमीटरवर शहर लागते. पर्यटक इथे मोती तलावाला फेरी मारतो, राजवाडा पाहतो, लाकडी फळांची परडी घेतो आणि गोव्याच्या वाटेला लागतो. मी सुचवतो आहे ती फेरीसुद्धा दोन-अडीच तासांचीच आहे आणि तिला वाटाड्या लागत नाही. फक्त तीत तलाव शेवटी येतो. तलाव 1874 साली बांधलेला; गाव त्याहून कितीतरी जुने.

सुरुवात नावापासून करावी. सावंत-भोसल्यांचे आधीचे ठिकाण ओटवणे. तिथून ते इथे आले तेव्हा ही जागा नावाप्रमाणे वाडीच होती. पुढे हिला सुंदरवाडी म्हटले गेले, पण आसपासची जुनी माणसे अजून ‘वाडीक जातंय’ एवढेच म्हणतात. वाडीचे शहर कसे झाले हे सांगणारा शिलालेख शोधायची गरज नाही, वस्त्यांच्या नावांत तो आहे. सबनीसवाडा, खासकीलवाडा, वैश्यवाडा, माठेवाडा, सालईवाडा, भटवाडी, बाहेरचा वाडा. सबनीस म्हणजे फौजेचे हजेरीपट राखणारा अधिकारी. त्याच्या नावाचा वाडा आहे म्हणजे दरबार आहे, फौज आहे, फौजेला पगार आहे. वैश्यवाडा आहे म्हणजे त्या पगारावर चालणारी दुकाने आहेत. भटवाडीचे वेगळे सांगायला नको. नगरपालिकेच्या पाट्या वाचत अर्धा तास चालले तरी एका लहानशा संस्थानाचा कारभार पायाखालून जातो.

पण नुसत्या दरबाराने एवढा बाजार पोसला जात नाही. म्हणून आता उभ्या बाजारात शिरावे. पुढे दुकान, वर माडी, मागे कोठार आणि विहीर अशी जुनी घरे तिथे अजून तग धरून आहेत. छपराकडे पाहायला विसरू नये. मंगळुरी कौलांचा पहिला कारखाना बासेल मिशनने 1865 साली काढला, तेव्हा घर कितीही जुने असले तरी त्यावरचे हे छप्पर त्यानंतरचे. आणि छपरापेक्षा कोठार महत्त्वाचे. एवढी कोठारे गावच्या गरजेपुरती कोणी बांधत नाही.

त्यांचे उत्तर रस्त्यात आहे. वेंगुर्ले बंदरात सतराव्या शतकात डचांनी वखार घातली. 1812 साली ते बंदर सावंतांकडून इंग्रजांकडे गेले, आणि 1818 नंतर बेळगावात इंग्रजी छावणी बसली, तेव्हा तिची रसद वेंगुर्ल्याहून वर चढू लागली. आधी रामघाटाने, पुढे आंबोलीच्या, म्हणजे पारपोलीच्या घाटाने. वरून धान्य, गूळ, मिरची, कापूस. खालून मीठ, सुके मासे, खोबरे. बैलांचे तांडे आणि गाड्या चढणीआधी आणि उतरणीनंतर जिथे टेकत, ती जागा म्हणजे वाडी. आंबोलीचे थंड हवेचे ठिकाण झाले तेही याच रस्त्यामुळे. कर्नल वेस्ट्रॉपचे कौतुक आमच्याकडे खूप होते. त्यातले थोडे बैलांच्या वाट्यालाही यायला हवे.

उभ्या बाजारालगतच चितारआळी. लाखेच्या रंगकामात मुरलेल्या चिताऱ्यांची ही आळी. पांगाऱ्याच्या हलक्या लाकडाची फळे पाहून पुढे जाऊ नये, गंजिफा दाखवायला सांगावे. दशावतारी गंजिफांचा डाव 120 पानांचा: दहा अवतार, प्रत्येकाची बारा पाने, त्यांत राजा आणि प्रधान, बाकी दहा मोजणीची. गोल पान, हाताने रंगवलेले, वरून लाख दिलेले. छापील पत्त्यांनी हा खेळ मारला आणि खेळाबरोबर कारागीरही संपत आला. राजे शिवरामराजे आणि राणी सत्वशीलादेवी यांनी उरल्यासुरल्या वृद्ध हातांकडून ही कला शिकून घेतली आणि राजवाड्याच्या दरबारातच कारखाना उभा केला. आज तिथे पाने रंगवली जाताना पाहता येतात. कला वाचली हे खरेच. पण खेळणारे परत आले नाहीत, आणि भिंतीवर टांगलेली गंजिफा ही माझ्या लेखी अर्धीच गंजिफा.

राजवाड्यातून बाहेर पडले की समोर तलाव. इथे थांबून एक तारीख आठवावी. 1838 पासून संस्थानचा कारभार इंग्रज अधिकाऱ्याच्या हाती होता, आणि 1874 साली गादीवर अल्पवयीन राजा होता. राजवाड्याला शोभा आणणारे हे पाणी राजाच्या नव्हे, पोलिटिकल सुपरिंटेंडेंटच्या काळातले आहे.

तेव्हा बाजार तेजीत असावा. पण 1888 च्या सुमारास मार्मागोवा बंदरातून घाट चढून आगगाडी ब्रिटिश मुलखाला जोडली गेली आणि घाटमाथ्याचा माल त्या बाजूला वळला. वेंगुर्ले ओसरले, त्याबरोबर वाडीची कोठारेही. पुढे 1998 साली कोकण रेल्वे पुरी झाली. सावंतवाडी रोड स्थानक शहराबाहेर कित्येक किलोमीटर. नंतर झाराप ते पत्रादेवी महामार्ग झाला, तोही शहर टाळून. तीनदा वाहतूक या गावाला वळसा घालून गेली.

या वळशांचा एक उपकार मी मानतो. महामार्ग मधून गेला असता तर रुंदीकरणात उभा बाजार आडवा झाला असता. मात्र राजवाड्याला वाली आहे, तलावाला नगरपालिका आहे, कोठारवाल्या घरांना कोणीच नाही. वारस मुंबईत, वाटण्या अपुऱ्या, पावसाळा दांडगा. वासा कुजतो, माडी उतरवतात, त्या जागी स्लॅब पडतो. या घरांची साधी यादी करायला, प्रत्येकाचा एक फोटो आणि मालाची वाट कुठून होती एवढी नोंद घ्यायला, दोन शिक्षक आणि एक दिवाळीची सुट्टी पुरेल. गावात श्रीराम वाचन मंदिरासारखी जुनी संस्था आहे. नोंदवही ठेवायला जागेची अडचण नाही.

फेरीला शक्यतो मंगळवारी जावे. आठवडा बाजार भरलेला असतो, आणि भाजीच्या राशीमागे बसलेल्या बाईला ‘माल खयचो?’ विचारले तर उत्तर बहुधा बेळगाव, चंदगड किंवा आजरा असे येते. टेम्पो पहाटे आमच्या आंबोलीवरूनच उतरलेला असतो.