चौकटीबाहेर राहिलेली माणसं

हिर्टाच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा कोनाखेर दिसतच नव्हता. ४३० मीटर उंचीचा तो डोंगर ढगात बुडालेला होता आणि पायथ्याशी दगडी घरांची वाकडी रांग होती, बरीचशी छपराविना. मला हवं होतं ते नेमकं हेच. स्कॉटलंडच्या पश्चिमेला, नॉर्थ यूइस्टपासून सुमारे ६४ किलोमीटरवर, सेंट किल्डाची ही बेटं म्हणजे साडेपाच-सहा कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखीचे झिजून उरलेले अवशेष. हिर्टा त्यांतलं सर्वांत मोठं. सह्याद्रीचा काळा पत्थर याहून थोडा जुना. पावसाळ्यात कड्यावरून वर चढणारं धुकं मी लहानपणापासून पाहत आलोय, त्यामुळे कॅमेरा कुठे रोखायचा हे ठरवायला वेळ लागला नाही.

अडचण एकच होती. चौकटीच्या डाव्या कोपऱ्यात लष्कराचं रडार केंद्र येत होतं. १९५७ पासून लष्कराचं ठाणं इथे आहे. मी दोन पावलं सरकलो, केंद्र बाहेर गेलं आणि बेट पुन्हा निर्जन, गूढ झालं. त्या क्षणी याचं मला काहीच वाटलं नाही.

परतीच्या बोटीत मात्र एक जुनं छायाचित्र आठवत राहिलं. १८८६च्या सुमारास जॉर्ज वॉशिंग्टन विल्सन यांच्या कंपनीच्या छायाचित्रकाराने ते इथेच टिपलं होतं. त्यात धुकं नाही. याच घरांसमोर दाढीवाले पुरुष दोन रांगांत उभे आहेत. ही त्यांची ‘पार्लमेंट’. रोज सकाळी जमायचं आणि आज कड्यावर पक्षी धरायला जायचं की दुसरं काही करायचं, ते ठरवायचं. फुलमार, गॅनेट, पफिन हेच त्यांचं अन्न. पिसं आणि तेल हा जमीनदाराचा खंड. डोंगरभर विखुरलेल्या बाराशेहून अधिक दगडी कोठारांना ‘क्लेट’ म्हणतात. त्यांच्या फटींतून वारा खेळतो आणि आत टांगलेले पक्षी वाळतात. मी त्यांचे फोटो काढले होते ते ‘प्राचीन अवशेष’ म्हणून.

उन्हाळ्यात प्रवासी बोटी येऊ लागल्यावर या लोकांकडे नमुना म्हणून पाहिलं जाऊ लागलं. तेही शिकले, फोटोसाठी उभं राहायचे पैसे मागू लागले. पाहुण्यांना तो लोभ वाटला. मला तो साधा हिशेब वाटतो: आमचा चेहरा नेताय, तर मोल द्या.

पहिल्या महायुद्धानंतर तरुण निघून गेले. १९३०मध्ये मेरी गिलीस ही तरुण स्त्री ग्लासगोच्या रुग्णालयात वारली. त्या मे महिन्यात बेटावरच्या वीसजणांनी सरकारला अर्ज लिहिला: आम्हाला इथून हलवा. २९ ऑगस्टला उरलेले ३६ जण ‘हेअरबेल’ या नौदलाच्या जहाजावर चढले. घराघरांत उघडं बायबल आणि ओटचा लहानसा ढीग ठेवून ते गेले, असं सांगतात. कुत्री मात्र आदल्या दिवसांत गळ्यात दगड बांधून समुद्रात बुडवावी लागली. ‘टाइम्स’साठी आलेल्या अलास्डेर अल्पिन मॅकग्रेगर यांनी त्या शेवटच्या दिवसांचे फोटो काढले.

म्हणजे बेट निर्जन झालं ते १९३०मध्ये, अर्ज करून, सह्या करून. त्याआधी शतकानुशतकं इथे माणसं राहत होती. रिकामेपण हा या बेटाचा स्वभाव नाही, ती एक घटना आहे आणि तिला तारीख आहे. त्या दिवशी जहाजावर आठ वर्षांची एक मुलगी होती. बेटावर जन्मलेल्यांपैकी ती शेवटची. २०१६ साली वारली. माझ्या गूढ फोटोंच्या काळात बेटाचं मूल अजून हयात होतं, हे मी आता मोजू शकतो, कारण माझी पहिली फेरी २०१४ची.

घरी आल्यावर मी सगळे फोटो पुन्हा चाळले. सरकण्याआधी घेतलेला एक सापडला. त्यात रडार केंद्र आहे, एक तार आहे आणि मागे ती घरं. फोटो म्हणून तो सामान्य आहे. हिर्टाविषयी कुणी विचारलं, की मी आधी तोच दाखवतो.