पिकापलीकडचा जमाखर्च : पुण्यातील कृषिसंशोधन आणि ग्रामपाहणी

शेतीविषयक संशोधनाचे यश एकरी उत्पादनावरून ठरवण्याची रीत सर्वत्र रूढ असली, तरी त्या संशोधनामुळे शेतकरी कुटुंबाच्या स्थितीत कोणता फरक पडतो, हा प्रश्न पुण्यात विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकातच विचारला गेला आणि तो विचारणारे डॉ. हॅरल्ड मान हे मुळात रसायनशास्त्रज्ञ होते. आसामातील चहाच्या मळ्यांवर संशोधन केल्यानंतर १९०७ मध्ये ते पुण्याच्या कृषी महाविद्यालयाचे प्राचार्य झाले. सुधारित नांगर, बियाणे आणि खते शेतकऱ्याने स्वीकारावीत असा महाविद्यालयाचा आग्रह होता. परंतु ती घेण्याची ऐपत त्याच्याकडे आहे काय, हे जाणण्यासाठी मान यांनी सहकाऱ्यांसह शहराजवळच्या पिंपळे सौदागर या गावी घरोघरचा जमाखर्च तपासला आणि १९१७ मध्ये तो ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला.

तेथील सरासरी धारणक्षेत्र, म्हणजे एका खातेदाराकडील जमीन, १७७१ मध्ये ४० एकर होते. ते १८१८ मध्ये साडेसतरा एकरांवर आणि १९१४-१५ मध्ये ७ एकरांवर आले होते, शिवाय वारसांमधील वाटण्यांमुळे ती जमीनही विखुरलेल्या तुकड्यांत विभागली गेली होती. गावातील सुमारे दोनतृतीयांश कुटुंबांचे उत्पन्न त्यांच्या गरजांना पुरत नव्हते, आणि ज्यांचे भागत होते त्यांच्यापैकी बहुतेकांना खडकीच्या दारूगोळा कारखान्यासारख्या बाहेरच्या मजुरीचा आधार होता. शहराच्या सान्निध्याचा हा परिणाम वगळून चित्र कसे दिसते, हे पाहण्यासाठी मान आणि ना. वि. कानिटकर यांनी पुण्यापासून दूरचे, जिरायत शेतीचे जातेगाव बुद्रुक निवडले. १९२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या पाहणीत तुटीतील कुटुंबांचे प्रमाण आणखी मोठे आढळले. कानिटकरांनी पुढे कोरडवाहू शेतीच्या संशोधनाला वाहून घेतले, तर जमिनीच्या तुकड्यांना आळा घालणारा कायदा मुंबई प्रांतात १९४७ मध्ये झाला.

या परंपरेला अर्थशास्त्राची शिस्त लाभली ती १९३० मध्ये स्थापन झालेल्या गोखले अर्थशास्त्र संस्थेत. धनंजयराव गाडगीळ यांच्या नेतृत्वाखाली तिने गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या लाभक्षेत्राची पाहणी करून १९४८ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. कालव्यावरील खर्च पाणीपट्टीतून भरून निघतो की नाही, एवढ्यावरच सरकारी हिशेब थांबत असे. गाडगीळांनी बागायत आणि जिरायत गावांची तुलना करून वाढलेले उत्पन्न व रोजगार हे प्रत्यक्ष आणि त्यातून व्यापार, वाहतूक व सरकारी महसूल यांना मिळणारी चालना हे अप्रत्यक्ष लाभ मानले. प्रकल्पांच्या सामाजिक मूल्यमापनाची ही भारतातील एक पायाभूत पाहणी ठरली.

मान यांच्या पद्धतीला मर्यादा होत्या. एका गावाच्या एका वर्षाच्या हिशेबावरून बदलाचे कारण सिद्ध होत नाही. त्यासाठी त्याच कुटुंबांकडे पुन्हा जावे लागते. तरीही नव्या वाणाचा लाभ पाणी आणि भांडवल असलेल्याला आधी मिळतो, हे उत्पादनाच्या सरासरीत दडणारे सत्य घरोघरच्या हिशेबाखेरीज उघड होत नाही, आणि पुढील काळातील संशोधन केंद्रांनी या हिशेबाला दुय्यम स्थान दिले, ही मोठी उणीव मानावी लागेल.

पिंपळे सौदागर आज पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेच्या हद्दीत आहे. जातेगावात मात्र शेती टिकून आहे. पुण्यातील कृषी महाविद्यालयाने आणि गोखले संस्थेने १९२१ चा ग्रंथ हाती घेऊन तेथील जमाखर्च एकत्रितपणे पुन्हा तपासावा.