पाथरी, बिदर, नगर : राजधानीचे हवापाणी

फारसीत ‘आबोहवा’, मराठीत ‘हवापाणी’. फारसी भाषक आधी पाण्याचे नाव घेतो, आपण हवेचे. उन्हाळ्यात विहिरींचा तळ पाहणाऱ्या परभणीकराला यातला फारसी क्रम अधिक पटावा. दख्खनच्या इतिहासात या शब्दाला राजकीय वजन आले ते पंधराव्या शतकाच्या तिसऱ्या दशकात. अहमदशहा बहामनीने गुलबर्गा सोडून बिदरला राजधानी नेली ती तेथील हवापाण्यावर लुब्ध होऊन, असे इतिहासकार फेरिश्ता सांगतो. शिकारीच्या निमित्ताने सुलतान तेथे गेला, हिरवे पठार पाहिले आणि तेथेच नगर वसविण्याचा हुकूम दिला.

या कथेत तथ्य नाही असे नव्हे. गुलबर्गा समुद्रसपाटीपासून सुमारे ४५० मीटरवर आहे, तर बिदर सुमारे ७००. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरते, हा हिशेब धरला तर सुलतानाच्या पदरात जेमतेम दीड अंश पडला! एवढ्यासाठी कोणी राजधानी हलवीत नाही. खरा फरक पायाखालच्या दगडात होता. बिदरचे पठार जांभ्याचे आहे. जांभा सच्छिद्र असतो, पावसाचे पाणी जिरवितो आणि खालच्या थरावर धरून ठेवतो. हे पाणी भूमिगत नहरींनी, म्हणजे करेजांनी, खेळविण्याची इराणी विद्या दख्खनमध्ये आली आणि बिदरला तिचे अवशेष आजही पाहता येतात. तेव्हा ‘हवा’ हा प्रशस्तीचा भाग, ‘आब’ हा व्यवहाराचा.

आणि या दोहोंच्या आड तिसरे एक कारण आहे, ज्याचा उच्चार दरबारी बखरकार मोठ्याने करीत नाही. १४२२ मध्ये अहमदशहाने आपला थोरला भाऊ फिरोजशहा याला बाजूला सारून तख्त घेतले. गुलबर्ग्याच्या भिंतींना ही हकीकत ठाऊक होती. ज्यांचा आशीर्वाद नव्या सुलतानाला होता ते सूफी संत गेसूदराजही त्याच वर्षी निवर्तले. मागे राहिले ते भावाचे नाव आणि भावाचे समर्थक. अशा वेळी जुन्या शहराची हवा मानवत नाही, हे वाक्य वाच्यार्थाने वाचावे की लक्षणेने, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगायला नको.

स्थळाला प्रतिष्ठा देण्याचे कामही फेरिश्त्याने चोख केले आहे. बिदर ही राजा भीमाची, म्हणजे दमयंतीच्या पित्याची राजधानी, असे तो लिहितो आणि तिथून थेट फैजीच्या ‘नल-दमन’ या फारसी काव्यापर्यंत पोचतो. विदर्भाचे कुंडिनपूर आपली परंपरा वर्धेच्या काठी, अमरावती जिल्ह्यातील कौंडिण्यपुराशी जोडते. ‘बिदर’ आणि ‘विदर्भ’ यांतील ध्वनिसाम्याने सुलतानाच्या निवडीला महाभारताची साक्ष मिळवून दिली. शिकारी कुत्र्यावर उलटणाऱ्या सशाची कथा विजयनगर आणि अहमदाबादच्या वाट्याला आली. बिदरला नलदमयंती लाभले. सौदा वाईट नव्हता.

परभणी जिल्ह्याचा संबंध येतो तो याच अहमदशहाच्या विजयनगरवरील मोहिमेत. पाथरीचे एक ब्राह्मण कुटुंब काही कारणाने विजयनगरच्या मुलखात जाऊन राहिले होते. त्या घरातला एक मुलगा या मोहिमेत कैद झाला. त्याला मुसलमान करून मलिक हसन नाव दिले गेले आणि शहजाद्याच्या सोबत वाढविले गेले. बिदरची हवा त्याने निवडली नव्हती. तीच त्याला लाभली आणि तीच शेवटी बाधली. महमूद गावानच्या १४८१ मधील हत्येनंतर तो सल्तनतीचा प्रमुख वजीर झाला आणि १४८६ मध्ये बिदरलाच मारला गेला.

त्याचा मुलगा अहमद निजामशहा १४९० मध्ये स्वतंत्र झाला. १४९४ मध्ये त्याने सीना नदीजवळ, भिंगारच्या शेजारी, नवे शहर वसविले. तेच अहमदनगर, आजचे अहिल्यानगर. येथे मात्र फेरिश्ता हवेचे गोडवे गात बसत नाही. जुन्नर आणि दौलताबाद यांच्या मधोमध तळ हवा होता, म्हणजे दरवर्षी पिकांच्या हंगामात दौलताबादच्या मुलखावर चालून जाता येईल, असे तो सरळ सांगून टाकतो. नगरचे हे प्रांजळ कारण वाचल्यावर बिदरच्या हिरव्या पठाराकडे पुन्हा एकदा संशयाने पाहावेसे वाटते.

पाथरी मात्र या घराण्याच्या मनातून गेली नाही. अहमदचा मुलगा बुऱ्हाण याने वऱ्हाडच्या इमादशहाकडे ती मागितली, बदल्यात दुसरा परगणा देऊ केला. नकार मिळाला, तेव्हा १५१८ मध्ये लढून घेतली. ती हातची गेली, पुन्हा घेतली. ज्या गावात ना गिरिशिखर, ना जांभा, फक्त गोदाखोऱ्याची काळी माती आणि तिचे ऊन, त्यासाठी दोन सल्तनती झुंजल्या. राजधानी तेथे नेण्याचा विचार बुऱ्हाणाने केल्याचे दिसत नाही. फेरिश्त्याच्या म्हणण्याप्रमाणे त्याने पाथरीचा किल्ला जमीनदोस्त केला आणि परगणा आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम दिला. अकबराच्या काळापर्यंत तो त्यांच्याकडे पिढ्यान्‌पिढ्या राहिला.