दूधसापाचा पत्ता

न्यू इंग्लंडमध्ये किंवा न्यूयॉर्क राज्याच्या उत्तर भागात तुम्ही जुनं घर घेतलं असेल, तर आवाराच्या टोकाला नुसत्या रचलेल्या दगडांची एक बुटकी भिंत असण्याची बरीच शक्यता आहे. मे महिन्यात कधी तरी त्या भिंतीतून राखाडी अंगाचा, तांबूस-तपकिरी डागांचा साप बाहेर येतो. शेजारी ओरडतो, "कॉपरहेड!" आणि मग कुणी तरी फावडं आणतं. अशा प्रसंगी मारला जाणारा साप अनेकदा कॉपरहेड नसतोच. तो असतो 'मिल्क स्नेक', म्हणजे दूधसाप. बिनविषारी, उंदीर खाणारा, आपल्या वाटेला न जाणारा.

हा साप रानात कुठे आणि कसा शोधायचा, हे मला पुष्कळ जण विचारतात. त्याचं उत्तर त्याच्या नावातच आहे, आणि ते नाव एका गैरसमजातून आलं आहे.

अमेरिकेतल्या शेतकऱ्यांची जुनी समजूत अशी, की हा साप रात्री गोठ्यात शिरून गायीच्या आचळाला लागतो. वाचताना तुम्हाला आपली धामण आठवली असेल. धामण गायीच्या पायांना विळखा घालून दूध पिते, हे माझी आजी शपथेवर सांगायची. दोन खंडांवरच्या, एकमेकांना कधीही न भेटलेल्या शेतकऱ्यांनी एकच गोष्ट रचली. कारण दोघांनी पाहिलेलं दृश्यही एकच होतं: गोठ्यातला साप. सापाला चोखता येत नाही. त्याचे दात आत वळलेले आणि सुईसारखे असतात. ते आचळाला लागले तर गाय लाथ मारल्याशिवाय राहणार नाही. साप गोठ्यात येतो तो दाण्यांवर जमणाऱ्या उंदरांसाठी. म्हणजे समजूत खोटी, पण निरीक्षण अचूक. 'दूधसाप' हे नाव म्हणजे शेतकऱ्यांनी नकळत लिहून ठेवलेला त्याचा पत्ता आहे.

पॅरिसच्या लासेपेदनं १७८९ मध्ये त्याला शास्त्रीय नाव दिलं, त्यात 'ट्रायँग्युलम' म्हणजे त्रिकोण आला. पण त्रिकोणावरून साप कुठे सापडेल ते कळत नाही, दुधावरून कळतं.

आता या पत्त्याचा इतिहास पाहा. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात न्यू इंग्लंडमध्ये मेरिनो मेंढ्यांचं वेड पसरलं. १८४० च्या सुमारास एकट्या व्हरमाँटमध्ये सोळा लाखांहून जास्त मेंढ्या होत्या, आणि माणसं तीन लाखांच्या आत. चराईसाठी डोंगर उघडे केले गेले, शेतातले दगड काढून बांधावर रचले गेले. दूधसापाला याहून चांगलं काय हवं? लपायला दगडांच्या फटी, अंग शेकायला ऊन, खायला उंदीर. पुढे लोकरीचे भाव पडले, लोक पश्चिमेकडे सपाट, सुपीक जमिनीवर गेले आणि शेतं ओस पडली. भिंती मात्र तिथेच राहिल्या. आज घनदाट रानात फिरताना मध्येच दगडी भिंत लागते, ती या गेलेल्या शेतकऱ्यांची.

म्हणून दूधसाप शोधायचा तर निबिड जंगलात जाऊ नका. जिथे शेत संपतं आणि रान सुरू होतं, तिथे जा. पडक्या गोठ्याजवळ, घराच्या जुन्या जोत्याजवळ, गवतात पडलेल्या छपराच्या पत्र्याखाली, उन्हाकडे तोंड केलेल्या उतारावर बघा. ईशान्येकडे मे-जून उत्तम. कॅन्ससच्या चुनखडीच्या टेकड्यांवर एप्रिल-मे मध्येच, पाऊस पडून ऊन आलं की सपाट दगडांखाली बघावं. उन्हाळा तापला की तो दिवसा जमिनीत खोल जातो आणि रात्री हिंडतो. रात्री गाडी हळू चालवत रस्त्यावर साप शोधण्याची रीत रुळवणाऱ्यांत सॅन दिएगोचा लॉरेन्स क्लॉबर ठळक. पेशानं वीज कंपनीतला इंजिनिअर असलेल्या या माणसानं वाळवंटातल्या अशा रात्रींची आकडेवारी १९३९ मध्ये छापली.

ओळखायचा कसा? कॉपरहेडचे पट्टे पाठीच्या कण्यावर अरुंद आणि कुशीकडे रुंद असतात, डमरूसारखे. डोकं तांब्याच्या रंगाचं, बिननक्षीचं. दूधसापाचे डाग पाठीवरच सर्वांत रुंद, त्यांना काळी कड, आणि मानेवर बहुधा इंग्रजी 'वाय' किंवा 'व्ही'सारखी फिकट खूण. घाबरला की तो शेपूट वाळल्या पानांत थरथरवतो. त्याला रॅटलस्नेक समजू नका. आणि ओळख पटली तरी हात लावू नका.

दगड उचलताना पलीकडची कड धरून आपल्याकडे उचला, म्हणजे सापाला पळायची वाट पलीकडे मिळते. पाहून झालं की साप बाजूला गेल्यावर दगड होता तसाच, त्याच खाचेत ठेवा. पहिल्या वर्षी मी एक दगड तिरपा ठेवून पुढे गेले होते. सोबतच्या वयस्क सहकाऱ्यानं मला अर्धा मैल मागे नेलं. म्हणाले, "या खाचेतली ओल जमायला कित्येक वर्षं लागली आहेत. तुम्ही ती एका सकाळीत उडवाल." तेव्हा मला राग आला होता.

त्या बोलण्याचा अर्थ मला हेन्री फिचचं काम वाचताना कळला. १९४८ मध्ये कॅन्सस विद्यापीठानं सुमारे ५९० एकर जमीन अभ्यासासाठी राखली, गुरं आणि नांगर बंद केले. फिच तिथेच राहिला आणि पन्नासहून अधिक वर्षं साप पकडून, खूण करून, सोडत राहिला. रॉबर्ट फ्लीटबरोबर त्यानं १९७० मध्ये दूधसापावर निबंध लिहिला. जमीन मोकळी सोडल्यावर तिथे साप वाढायला हवे होते. झालं उलटं. झाडं वाढली, दगडांवरचं ऊन गेलं, आणि उन्हावर जगणारे सरडे-साप एकेक करून दिसेनासे झाले. २००६ मध्ये, नव्वदी ओलांडल्यावर, त्यानं हा ऱ्हास लिहून काढला.

म्हणजे हा साप ना शहराचा, ना अरण्याचा. माणसानं अर्धवट वापरलेल्या जमिनीचा तो रहिवासी आहे, आणि तशी जमीन दोन्ही बाजूंनी आक्रसते आहे: एकीकडे घरं, दुसरीकडे सावली. कॅनडातल्या तज्ज्ञ समितीनं २००२ मध्येच त्याला विशेष काळजीच्या यादीत घातलं आहे.

अशी जमीन आज कुणाकडे उरली आहे? तुमच्याकडे. आवाराच्या टोकाची ती भिंत 'साफ' करायला माणूस बोलावण्याआधी थोडं थांबा. तिच्यावर आलेल्या फांद्या छाटा, ऊन येऊ द्या, दगड हलवू नका. आणि शेजाऱ्यानं फावडं उचललंच, तर आधी त्याला पाठीवरचे डाग दाखवा. नागपंचमीला आपण ज्याला दूध दाखवतो, तो दूध पीत नाही हे आपल्याला ठाऊक असतं. तरी त्या दिवशी नांगर धरायचा नाही, जमीन खणायची नाही, ही रीत घरोघरी पाळली गेली. त्यातलं दूध सोडा; न खणण्याचा भाग तेवढा इथे घेऊन या.