मॉनिटरची छडी : शाळेतील दांडगाईचा पूर्वेतिहास



प्राथमिक शाळेत थोराड मुले लहानग्यांना छळतात, या गोष्टीला इतिहास असतो असे म्हटले तर आपल्यापैकी काहींना नवल वाटेल. ‘मुलेच ती, खोड्या करायचीच,’ हे उत्तर आपल्या ओठांवर तयार असते. माझे म्हणणे असे की, ज्याला आपण मुलांचा स्वभाव म्हणतो त्याचा बराचसा भाग शाळेची रचना आहे; आणि ती रचना मुलांनी नव्हे, मोठ्यांनी केलेली आहे.

आयुष्यभर मराठी शिकविण्यात गेल्यामुळे मी शब्दांकडूनच या विषयाकडे वळतो. खोडी, चेष्टा, चिडवणे हे शब्द सौम्य आहेत. त्यांत दोघेही हसू शकतात. दांडगाई म्हटले की मात्र दांडका डोळ्यांसमोर येतो. ‘दादागिरी’ हा त्याहून बोलका शब्द. दादा म्हणजे थोरला भाऊ. येथे सुरतेत गुजराती घरांत दादा म्हणजे आजोबा. ज्याने सांभाळायचे त्याच्याच नात्यावरून जुलुमाला नाव पडले आहे. आणि ‘उचलबांगडी’! आज हा शब्द आपण अधिकाऱ्याच्या बदलीसाठी वापरतो. पण त्याचा मूळ अर्थ हातपाय धरून एखाद्याला उचलून नेणे असा आहे. जुन्या पंतोजींच्या शाळेत गैरहजर मुलाला आणण्यासाठी चार थोराड मुलांची टोळी घरी धाडीत आणि ती त्याला अशीच उचलून आणी. तो मुलगा रडे, गल्ली हसे, आणि पंतोजी जागचे हलत नसत. आज कोणी असे केले तर आपण त्याला छळ म्हणू. त्या काळी ती शाळेची सोय होती.

या सोयीमागे कारणही होते. एक पंतोजी आणि वेगवेगळ्या वयांची पुष्कळ मुले. मग थोरल्यांनी धाकट्यांना अक्षरे गिरवायला लावायची, पाढे म्हणून घ्यायचे. मद्रासमध्ये अशा देशी शाळांतली ही रीत अँड्र्यू बेल या पाद्र्याने पाहिली, आपल्या ताब्यातील अनाथाश्रमाच्या शाळेत ती राबविली आणि १७९७ साली तिच्याविषयी पुस्तक लिहिले. पुढे जोसेफ लँकेस्टरने इंग्लंडात तिचा मोठा व्याप उभारला. १८२०च्या दशकात मुंबई इलाख्यात सरकारच्या आश्रयाने देशी भाषांच्या शाळा निघाल्या, तेव्हा हीच पद्धत विलायती शिक्का घेऊन परत आली. थोरल्या मुलाला ‘मॉनिटर’ हे नाव मिळाले आणि त्याबरोबर अधिकारही. लँकेस्टर छडीच्या विरुद्ध होता, हे त्याच्या बाजूने सांगितले पाहिजे. पण छडीच्या जागी त्याने लाज आणली. चुकणाऱ्याच्या गळ्यात लाकडी ओंडका अडकवावा, त्याला टोपलीत बसवून वर टांगावे, असले उपाय त्याने सुचविले. म्हणजे मारायचे काम शिक्षकाने सोडले आणि हसायचे काम वर्गाला दिले. मला ही देवघेव छडीपेक्षा बरी वाटत नाही. वर्ग एकदा कोणाला हसायला शिकला की शिक्षक बाहेर गेल्यावरही तो हसत राहतो.

सुरत या इतिहासाच्या बाहेर नाही. दुर्गाराम मंछाराम (१८०९-१८७६) हे येथल्या सरकारी गुजराती शाळेचे मेहताजी. कवी नर्मद लहानपणी त्यांच्या शाळेत काही काळ होता. या मेहताजींची आणि आपल्या दादोबा पांडुरंगांची गाठ सुरतेत पडली. दादोबांचे मराठी व्याकरण १८३६ सालीच प्रसिद्ध झाले होते; ते येथे इंग्रजी शाळेत शिक्षक होते. २२ जून १८४४ रोजी या मंडळींनी मानवधर्मसभा स्थापन केली. मराठी व्याकरणकार आणि गुजराती मेहताजी एका सभेत बसतात, ही गोष्ट सुरतेच्या मराठी माणसाने विसरू नये. सभेचा रोख जातिभेदावर आणि जादूटोण्यावर होता. दुर्गारामांनी मांत्रिकांना उघड आव्हान दिले. भीती दाखवून माणसाला वाकविता येते, या समजुतीवरच घाव घालणारे हे लोक पेशाने शाळेचे होते, याला माझ्या लेखी महत्त्व आहे. मात्र हा घाव शाळेच्या उंबरठ्याच्या आत यायला आणखी पाऊणशे वर्षे लागली.

तो आणला गिजुभाई बधेका यांनी. वकिली सोडून ते भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत आले आणि १९२० साली त्यांनी बालमंदिर सुरू केले. शिक्षा नाही, बक्षीसही नाही, हा माँटेसोरीबाईंचा नियम त्यांनी पाळला. शिक्षेविषयी आपण पुष्कळ बोलतो, बक्षिसाविषयी कमी. पण पहिला-शेवटचा हा क्रम भिंतीवर लावला की वर्गाला शेवटचा कोण हे रोज वाचायला मिळते. ‘दिवास्वप्न’ या त्यांच्या पुस्तकातला शिक्षक वर्गाला गोष्टींनी जिंकतो खरा, पण मैदानावर मुलांची भांडणे जुंपतातच. गिजुभाईंनी बालकाला देव मानले असा एक समज आहे. हे पुस्तक वाचणाऱ्याचा तो समज टिकत नाही.

गिजुभाईंचे हे काम मराठीत आणले ते ताराबाई मोडक यांनी. त्या १९२३ साली भावनगरला गेल्या, १९२६ साली नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला, आणि १९४५ साली त्यांनी बोर्डीला ग्रामबालशिक्षा केंद्र काढले. बोर्डी येथून लांब नाही. मुंबईच्या गाडीने घोलवडला उतरले की आलेच. तेथे बालवाडीत मुले येईनात, तेव्हा ताराबाई आणि अनुताई वाघ वस्तीच्या अंगणात जाऊन बसल्या. अंगणवाडीचा जन्म तो. जरा ताडून पाहा : पंतोजी न येणाऱ्या मुलाची उचलबांगडी करवीत, ताराबाई मूल का येत नाही हे पाहायला स्वतः गेल्या. न येणाऱ्या मुलाकडे शाळेने कसे पाहावे, याबाबत एवढा मोठा पालट आपल्याकडे दुसरा झाला असे मला वाटत नाही.

कारण मूल न येण्यामागे पुष्कळदा दुसरी मुले असतात. आणि ती कोणाला निवडतात? डॉ. आंबेडकरांना साताऱ्याच्या शाळेत वेगळ्या गोणपाटावर बसावे लागे आणि ते गोणपाट घरून न्यावे लागे. एका मुलाला शिक्षकांदेखत वेगळे बसविल्यावर, त्याच्याशी कसे वागायचे हे इतर मुलांना निराळे शिकवावे लागत नाही. मुलांची निवड सहसा मोठ्यांनी आधीच केलेली असते.

आता कायद्याकडे. बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा २००९चा कायदा १ एप्रिल २०१० पासून अमलात आला. त्याच्या १७व्या कलमाने शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ या दोहोंस मनाई केली. छडी गेली, निदान कागदावर गेली, ही मोठी गोष्ट आहे. पण त्याच कलमाचा दुसरा भाग म्हणतो की, भंग करणाऱ्यावर सेवानियमांनुसार कारवाई व्हावी. सेवानियम नोकराला असतात. चौथीतल्या मुलाने दुसरीतल्या मुलाचा डबा रोज हिसकावला तर हे कलम कोणाकडे बोट दाखवणार? महाविद्यालयांतील रॅगिंगविरुद्ध महाराष्ट्राने १९९९ साली कायदा केला, विद्यापीठ अनुदान आयोगाने २००९ साली नियम केले. केंद्रीय माध्यमिक मंडळाने २०१५ साली आपल्या शाळांना समित्या नेमण्यास सांगितले. नगरपालिकेची प्राथमिक शाळा त्या मंडळाच्या छत्राखाली नाही. थोडक्यात, गुरुजींच्या हातातली छडी काढून घेतली, पण मॉनिटरच्या हातातली तशीच राहिली. ‘बोलणाऱ्यांची नावे फळ्यावर लिही,’ असे सांगून शिक्षक कार्यालयात जातात, तेव्हा लँकेस्टरच वर्गात बसलेला असतो. नाव खोडण्यासाठी पेन्सिल, खाऊ, पाय दाबणे, काय काय द्यावे लागते हे या सभागृहातील माजी विद्यार्थी माझ्यापेक्षा चांगले सांगतील.

या प्रश्नाचा पहिला मोठा शास्त्रीय अभ्यास स्वीडनमध्ये डॅन ओल्वेयस यांनी केला. नॉर्वेत तीन मुलांनी आत्महत्या केल्यानंतर १९८३ साली देशभर मोहीम निघाली. बर्गेनच्या ४२ शाळांतील सुमारे २५०० मुलांत पुढे हा त्रास जवळपास निम्म्यावर आला. त्यांचे उपाय ऐकून आपली निराशा होईल, इतके ते साधे आहेत : मधल्या सुट्टीत मोठे माणूस मैदानावर हवे, वर्गाने मिळून नियम करावेत आणि त्यांवर नियमित बोलावे, छळणाऱ्याशी, सोसणाऱ्याशी आणि दोघांच्या पालकांशी प्रत्यक्ष बोलणे व्हावे. ओल्वेयस यांनी भांडण आणि छळ यांत केलेला फरकही मोलाचा आहे. बरोबरीच्या दोघांची जुंपली तर ते भांडण; बळ असमान असेल आणि त्रास हेतुपूर्वक, पुनःपुन्हा होत असेल तर तो छळ. आपल्याकडे तक्रार आली की दोघांना उभे करून ‘हात मिळवा’ म्हणतात. भांडणात ते शोभते. छळात मात्र सोसणाऱ्याला छळणाऱ्याच्या हातात हात द्यायला आपणच लावतो, आणि शाळा सुटल्यावर गल्लीत त्याची किंमत तो एकटा मोजतो.

सुरतेच्या मराठी शाळांना हा प्रश्न आणखी एका अंगाने भेडसावतो. महानगरपालिकेच्या प्राथमिक शाळा गुजरातीबरोबर मराठी, हिंदी, उर्दू, ओडिया, तेलुगू अशा माध्यमांतून चालतात. लिंबायत, उधना, डिंडोली भागांतल्या मराठी शाळांत पुष्कळ मुले खानदेशातली, घरी अहिराणी बोलणारी. बाहेर ती परप्रांतीय म्हणून चिडवली जातात आणि मराठी वर्गात ‘गावंढळ बोलतो’ म्हणून. हे दुसरे चिडवणे आपले आहे. शिक्षकाने अहिराणी वाक्य ‘अशुद्ध’ म्हणून वर्गासमोर दुरुस्त केले की सुट्टीत तेच वाक्य त्या मुलाचे टोपणनाव होते. अहिराणीला स्वतःचे व्याकरण आहे, लोकगीतांचे भांडार आहे; दादोबांचा वारसा सांगणाऱ्यांनी तरी तिला चूक म्हणू नये.

पालकांशी बोलावे म्हणतात, पण येथला बाप लूमवर बारा तासांच्या पाळीत असतो. सकाळी अकराला बोलावले तर तो येत नाही, आणि न येणाऱ्याला आपण बेफिकीर ठरवितो. बोलणे व्हायचे असेल तर ते पाळी बदलण्याच्या वेळी, गरज पडल्यास त्याच्या खोलीवर व्हावे लागेल. मॉनिटरपद आठवड्याने फिरते ठेवावे आणि त्यात खडू-डस्टर, पाणी, हजेरी यांपलीकडे काही नसावे. नावे लिहिण्याचे काम तर मुळीच नको. संडासाकडची वाट, जिना आणि फाटकाबाहेरचा कोपरा येथे सुट्टीत पाळीने एक शिक्षक उभा असावा. प्रत्येक तक्रार तारखेसह एका वहीत उतरावी, कारण ‘पुनःपुन्हा’ हे त्या वहीवाचून कळत नाही. एखाद्या मुलाची हजेरी तुटू लागली तर ‘गावी गेला’ असे लिहिण्याआधी ती वही उघडावी, आणि मग त्याच्या अंगणात जावे.