राईनपाड्याचा बाजार

मागच्या वेळी आपण १८७१च्या गुन्हेगार जमाती कायद्यापाशी थांबलो होतो. जन्मावरूनच माणसाला चोर ठरवणारा तो कायदा १९५२ साली देशभर रद्द झाला. कागद गेला, भटक्यांवरचा संशय मात्र तसाच राहिला.

आता आपल्या नंदुरबारच्या शेजारी येऊ. १ जुलै २०१८, रविवार. योगायोग बघा, आपला जिल्हा धुळ्यापासून वेगळा झाला त्याला त्याच दिवशी २० वर्षं पूर्ण झाली. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात बाजार भरला होता. मंगळवेढ्याकडून भिक्षा मागत आलेले नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे ५ जण तिथे होते. 'मुलं पळवणारी टोळी' म्हणून जमावाने त्यांना ग्रामपंचायतीच्या खोलीत ठार मारलं. व्हॉट्सॲपवर ही अफवा आधीपासून फिरत होतीच. अफवेला नाव लागत नाही, अनोळखी माणूस पुरतो.

१७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळी रोखायला जिल्ह्याजिल्ह्यात नोडल अधिकारी नेमायला सांगितलं. व्हॉट्सॲपनेही भारतात एका वेळी ५ चॅटपुरतीच फॉरवर्डची मर्यादा आणली. बरं झालं, पण ५ सुद्धा पुष्कळ झाले की हो!

तसा मेसेज आमच्याही ग्रुपात आला होता. सगळे शिकले-सवरलेले, बरेचसे निवृत्त शिक्षक. आम्ही तो पुढे पाठवला नाही, एवढंच. 'हे खोटं आहे, ही माणसं दरवर्षी आपल्या दारी येतात' असं आमच्यापैकी एकानेही तिथे लिहिलं नाही.