ग्रंथ, कीटक आणि माणसाचा वावर

घर बंद ठेवलें कीं तें लवकर मोडकळीस येतें, हा अनुभव आपल्या वाडवडिलांस चांगला ठाऊक होता. जें घराला लागू, तेंच ग्रंथालयाला, संग्रहालयाला आणि दप्तरखान्यालाही लागू आहे. मात्र येथें गोष्ट इतकी सरळ नाहीं. माणसाचा वावर कांहीं किडींना हुसकून लावतो, तर कांहींना पोसतो. ख्रिस्तसभेच्या इतिहासांत याचे बोधप्रद दाखले आढळतात, आणि महोत्सवाच्या या प्रसंगीं ते ध्यानांत घेण्याजोगे आहेत.

सहाव्या शतकांत संत बेनेडिक्ट यांनीं आपल्या मठवासीयांकरितां नियमावली लिहिली. तिच्या ४८ व्या प्रकरणांत असा नियम आहे कीं, उपवासकाळीं प्रत्येकानें ग्रंथालयांतून एक ग्रंथ घ्यावा व तो आरंभापासून शेवटपर्यंत वाचावा. पुढें अकराव्या शतकांत कँटरबरीचे आर्चबिशप लानफ्रांक यांनीं घालून दिलेल्या नियमांप्रमाणें त्या काळीं मठांतील ग्रंथ बाहेर काढून सभागृहांत सतरंजीवर मांडीत. प्रत्येक बंधु गतवर्षींचा ग्रंथ परत करी, आणि तो वाचला नसल्यास आपला दोष कबूल करी. या नियमाचा हेतु आध्यात्मिक होता, यांत संशय नाहीं. परंतु त्यामुळें ग्रंथांना वर्षाकांठीं एकदां तरी उजेड, वारा आणि माणसाचा हात लागे. कीड ज्या निवांतपणांत वाढते, तो निवांतपणा तिला मिळणें अशानें कठीण होई.

किडींचा स्वभाव पाहिला म्हणजे हें उमगतें. कसर ही अंधारांत व ओलींत राहते आणि बांधणीची खळ व कागद कुरतडते. कपड्यांच्या पतंगाची अळी लोकर, रेशीम व पिसें खाते. अंधाऱ्या, कोणी न हलविलेल्या घडींत ती खुशाल वाढते. आपल्याकडील वाळवी तर भिंतींतून कपाटाच्या पाठीमागें केव्हां शिरते, तें कळतही नाहीं. केरसुणी, उजेड आणि सावध नजर हे या सर्वांचे वैरी होत. उलटपक्षीं माणूस आपल्याबरोबर खाद्यहि आणतो. त्याचे केस, त्वचेचे कण आणि कपड्यांचे धागे फटींत सांचतात व त्यांवर कीड पोसते. फराळाचे कण झुरळांना व उंदरांना बोलावतात. ओली छत्री व फुलदाणी हवेंत दमटपणा वाढवितात. रात्रीं उघड्या खिडकींतला दिवा बाहेरचे किडे आंत ओढतो.

पोर्तुगालांतील कोइंब्रा विद्यापीठाचें ग्रंथालय याचें मोठें मनोरंजक उदाहरण आहे. राजा पांचवा जुआंव याच्या कारकीर्दींत, १७१७ ते १७२८ या काळांत, तें उभारण्यांत आलें. त्याच्या भिंती दोन मीटरांहून अधिक जाड आहेत व आंत सुमारें ६०,००० ग्रंथ आहेत. दिवसा तेथें माणसांचा वावर असतो. रात्रीं दारें लागलीं कीं वटवाघुळें बाहेर पडून किडे टिपतात. त्यांची विष्ठा पडून मेजें खराब होऊं नयेत म्हणून सायंकाळीं त्यांवर चामड्याचीं आच्छादनें घालतात आणि सकाळीं सर्व झाडूनपुसून स्वच्छ करतात. रात्रीची शांतता नसती तर वटवाघुळें राहिलीं नसतीं, आणि सकाळीं माणूस आला नसता तर त्यांच्याच घाणीनें ग्रंथालय बिघडलें असतें. दोहोंचा मेळ बसला म्हणून ग्रंथ वांचले.

हें ग्रंथालय पुरें झाल्यावर अवघ्या ११ वर्षांनीं, १७३९ सालीं, त्याच राजाच्या हातून वसई गेली. किल्ल्यांतील मठ व मंदिरें पुढें ओस पडलीं. त्यांचे अवशेष आपण आजही पाहतों. गोव्यांत १८३५ सालीं धर्मसंघ बंद करण्यांत आले. जुन्या गोव्यांतील संत ऑगस्टीन यांचें मंदिर निर्मनुष्य झालें, आणि १८४२ सालीं त्याचें छत कोसळलें. झाडणारा गेला, कौल शाकारणारा गेला, कीं पाऊस, झाडोरा व कीड यांचें राज्य सुरू होतें.

अलीकडे हाच धडा साऱ्या जगाला मिळाला. २०२० सालीं कोविडच्या सांथीमुळें संग्रहालयें महिनेच्या महिने बंद राहिलीं. इंग्लंडांतील नॉर्फोक परगण्यांत ब्लिकलिंग हॉल नांवाचा जुना वाडा आहे. तेथें पतंगांचा उपद्रव आधींपासूनच होता. बंद, अंधाऱ्या व शांत दालनांत त्यांना अधिकच फावलें. शेवटीं २०२१ सालीं पतंगांच्या अंड्यांत आपलीं अंडीं घालणाऱ्या अतिसूक्ष्म गांधीलमाशा तेथें सोडून पाहण्यांत आल्या. त्याच टाळेबंदींत उपाहारगृहें बंद पडल्यामुळें उंदीर नव्या अन्नाच्या शोधांत फिरतील, असा इशारा अमेरिकेच्या रोगनियंत्रण खात्यानें दिला होता. एकच शांतता एका किडीला मेजवानी, तर दुसऱ्या प्राण्याला दुष्काळ ठरली.

या सर्वांचा आपल्याशीं संबंध काय? ट्रेंटच्या धर्मपरिषदेनें १५६३ सालीं विवाहांची नोंदवही ठेवण्याची आज्ञा प्रत्येक धर्मगुरूला केली; स्नानसंस्कारांच्या नोंदीविषयींही तिनें सांगितलें. १९८३ च्या धर्मविधिसंहितेचें ५३५ वें कलम जुन्या वह्या काळजीपूर्वक जतन करण्यास बजावतें. आपल्या आजा-पणजांचीं नांवें, त्यांच्या लग्नाचे व मरणाचे दिवस याच पानांत आहेत. ज्यांच्या कबरीवर दगडही नाहीं, अशा कित्येक गरीब माणसांची जगांतील शेवटची खूण तीच एक ओळ असते. कसर ती ओळ खाऊन गेली, तर ती पुन्हां लिहिणारा कोणी उरत नाहीं.

म्हणून वह्यांचें कपाट भिंतीपासून थोडें दूर असावें. त्याच्या खोलींत फराळ होऊं नये व ओलीं फुलें ठेवूं नयेत. पावसाळ्यापूर्वीं व पावसाळा सरल्यावर ठराविक दिवशीं प्रत्येक वही कोरड्या हातांनीं उघडून पहावी. कुलूप चोरापासून राखतें. कीडीपासून राखते ती माणसाची नेमानें होणारी ये-जा. आपल्या पूर्वजांनीं मंदिर बांधलें तें नित्य उपासनेसाठीं. त्यांची स्मृतिही नित्य सांभाळावी, एवढी बुद्धि परमेश्वर आपणां सर्वांस देवो.